संगणकाचा मुकादम

लासलगावच्या श्रोत्यांपुढे कांदा सोडून दुसऱ्या विषयावर बोलणे हे धाडसच होय. तरीही आज आम्ही घरगुती संगणकाविषयी, आणि त्यातही तो सुरू होण्यापूर्वी त्याच्या पोटात काय घडते एवढ्याचविषयी, बोलणार आहोत. संगणक आता पेढीपुरता राहिलेला नाही. जुना, कुणाचा वापरलेला का होईना, तो हमालाच्याही घरी आला आहे. आणि तो अडला की घरची कागदपत्रेही अडतात.

कळ दाबताच विंडोज सुरू होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. आधी जागे होते ते फर्मवेअर. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम वस्तीला असलेला हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे आमच्या टोळीचा मुकादमच! तो प्रथम हजेरी घेतो: मेमरी आली का, कीबोर्ड आला का, डिस्क आली का. मग काम कोणाच्या हाती द्यायचे, ते आपल्या वहीत पाहतो. त्या क्रमाला 'बूट ऑर्डर' म्हणतात. लिलावाला ट्रॅक्टरांचे नंबर लागतात, तसाच हा प्रकार. पहिला नंबर पेन ड्राइव्हचा असेल आणि कोणी तो लावून ठेवला असेल, तर काही संगणक तेथेच अडून बसतात. पेन ड्राइव्ह काढला की गाडी पुढे सरकते.

मुकादमही दोन पिढ्यांचे आहेत. जुना 'बायोस', आयबीएमच्या १९८१ सालच्या पर्सनल कॉम्प्युटरमुळे सर्वत्र रूढ झालेला. नवा 'यूईएफआय', त्याचे नियम ठरविण्यासाठी कंपन्यांनी २००५ साली मंडळ स्थापन केले. जुना डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यातला मजकूर वाचतो. नवा एका राखीव विभागातली फाइल शोधतो. म्हणून जुन्या रीतीने मांडलेली डिस्क नव्याला दिसते, पण काम कोठून सुरू करावे हे त्याला उमगत नाही. मधल्या काळातल्या अनेक संगणकांत दोन्ही रीतींची सोय असते. जुन्या रीतीला तेथे 'लेगसी' म्हणतात.

आता खरी मेख. अनेक जुन्या संगणकांत ही वही एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत राहते. तिचे नाव सीआर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. भिंतीवरचे बटण चालू असताना घड्याळाचा भार विजेवर असतो. वीज गेली किंवा बटण बंद केले की तो बॅटरीवर येतो. बॅटरी संपली म्हणजे वही कोरी होते, आणि मुकादम कारखान्यातून आला तेव्हाच्या सवयीने वागू लागतो.

आमच्या एका हमाल सहकाऱ्याच्या घरी हेच घडले. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. दुरुस्तीवाल्याने निदान केले, "डिस्क गेली, फॉर्मॅट करावी लागेल." त्या डिस्कवर मुलीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज होते आणि कित्येक वर्षांच्या हमालीच्या पावत्यांच्या प्रती होत्या. घड्याळ मात्र दहा वर्षे मागे गेलेले! तेच पाहायचे राहिले होते. नवी बॅटरी घातली, 'यूईएफआय'चे पुन्हा 'लेगसी' केले आणि सारे जागच्या जागी सापडले.

तेव्हा फॉर्मॅटला होकार देण्यापूर्वी सेटिंगच्या पडद्यावर जावे. सुरू होतानाच डिलीट किंवा एफ २ दाबल्यास तो बहुधा उघडतो. काही कंपन्यांची कळ निराळी असते. तारीख पाहावी. डिस्कचे नाव यादीत दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर तिला मेलेली ठरविण्याची घाई नको. दिसत नसेल तर वीज तोडून आतल्या केबल घट्ट बसवाव्यात. काहीही बदलण्यापूर्वी मोबाइलवर पडद्याचा फोटो घ्यावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दहा ठिकाणी हात घालणारा माणूस पुढे कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे सांगू शकत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून "तुमचा संगणक भंगार झाला" हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागते हे खरे. पण काही संगणकांत टीपीएम असूनही सेटिंगमध्ये केवळ बंद ठेवलेले असते. भंगारात घालण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. मात्र लेगसी रीतीची डिस्क असेल तर आधी तिची मांडणी बदलावी लागते, नुसते यूईएफआय करून भागत नाही. आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर अशा बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी, आणि तो कागद संगणकाच्या पेटीत नव्हे, घरच्या कपाटात ठेवावा.