ओढ्याकाठचा आळू ताटात घेण्याआधी

पाऊस सुरू झाला की ओढ्याकाठी आळू फोफावतो, नाळीची भाजी पाण्यावर पसरते. आपल्या वस्त्यांतल्या आयाबाया विळा घेऊन जातात आणि ओटीभर भाजी घेऊन येतात. बाजारात पैसे मोजावे लागतात, इथे फुकट मिळते. ओढा स्वच्छ असेल तर यात काहीच वावगे नाही. पण ओढ्यात वरून काय येते हे पाहिल्याशिवाय ती भाजी शिजवू नका, असे आम्ही कळकळीने सांगतो.

मुळशीच्या डोंगरातून निघालेली मुळा पौडवरून खाली येते आणि वाकड, औंधवरून दापोडीकडे जाते. वाटेत तिला सांडपाणी मिळते. सांडपाण्यातले खत खाऊन दर उन्हाळ्यात शहरालगतच्या पात्रावर जलपर्णी दाटते. जिथे मुलामा देण्याच्या कामाचे पाणी, जुन्या बॅटऱ्या किंवा रंगाचा कचरा ओढ्यात जातो, तिथे शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातूही पाण्यात येतात. हे धातू कुजत नाहीत आणि उकळून जात नाहीत.

मग अशा पाण्यात झाडे मरत का नाहीत? जलपर्णीचा देठ आतून स्पंजासारखा पोकळ असतो. पाणकणीस आणि लव्हाळ्यातही हवेच्या अशा वाटा असतात. चिखलात रुजलेल्या झाडांची हवा या वाटांनी मुळांपर्यंत जाते. तिथे चिखलातले लोह गंजते आणि मुळांवर तांबूस थर बसतो. काही विषारी धातू या थरातच अडकतात. जे आत शिरतात, त्यांना झाड गंधकयुक्त रेणूंनी बांधते आणि पेशीतल्या कोठीत कोंडून ठेवते. बहुतेक पाणवनस्पतींत धातूंचा मोठा साठा मुळांत राहतो, पण काही भाग पानांतही चढतो.

म्हणूनच सांडपाणी शुद्ध करायला पाणकणीस, कर्दळ लावतात. पण लक्षात घ्या, झाड विष नाहीसे करत नाही, ते साठवते. पान हिरवेगार दिसते म्हणून ते निर्मळ असते असे नाही. ते झाड तिथेच कुजले की धातू पुन्हा पाण्यात आणि गाळात जातात.

जपानमधल्या तोयामा भागात खाणीतले कॅडमियम जिंझू नदीत उतरले आणि त्या पाण्यावरच्या भातात गेले. तो भात वर्षानुवर्षे खाऊन लोकांची, विशेषतः वयस्क बायांची, मूत्रपिंडे बिघडली आणि हाडे ठिसूळ झाली. वेदनेने त्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत. तेच त्या आजाराचे नाव पडले. 1968 साली सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. शिसे तर लहान मुलांच्या मेंदूवरच घाला घालते, गर्भातल्या बाळालाही सोडत नाही.

माता-भगिनींनो, एवढे कराच :

• सांडपाण्याच्या ओढ्याकाठचा आळू, नाळीची भाजी खाऊ नका. धुऊन, उकडून पानातला धातू निघत नाही.

• तिथली जलपर्णी गाई-म्हशींना, शेळ्यांना घालू नका. तिचे खत भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ती जाळून त्या राखेने भांडी घासू नका.

• आळू घरीच लावा. जुन्या बादलीत चांगली माती आणि नळाचे पाणी पुरते.

• लोह आणि कॅल्शियम कमी असले की शरीर शिसे जास्त शोषते. मुलांना नाचणी, कडधान्ये, चांगल्या पाण्यावरची पालेभाजी द्या.

• पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही, असे भारतीय मानक सांगते. विहीर किंवा बोअर ओढ्यालगत असेल, तर ग्रामपंचायतीकडे धातूंच्या तपासणीची लेखी मागणी करा.

ओढ्याच्या पाण्याला रंग किंवा उग्र वास आला, तर वस्तीने मिळून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. झाड आपले काम मुकाट्याने करते. विष ओढ्यात सोडू न देणे हे मात्र माणसांचे काम आहे.