वाड्यावरच्या कुत्र्याची जात

डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चारशेहून अधिक किलोमीटर चालून येडशीच्या रामलिंग घाटात आला आणि पंचक्रोशीतल्या गोठ्यांची झोप उडाली. वाघ विरळाच, बालाघाटाच्या माळांवर मेंढपाळाचा जुना वैरी लांडगा. त्यावरूनच येडशीच्या एका वाचकाने विचारलं, धनगराच्या वाड्यावरचा राखणीचा कुत्रा मूळचा कुठला, कुठल्या जातीचा?

तयार उत्तरं पुष्कळ मिळतात. कुणी त्याला अफगाण घोडेस्वारांमागे चालवत आणतो, कुणी सरळ कारवानी म्हणतो. कारवानी लातूर-धाराशिवकडचा खरा, पण तो सशामागे सुटणारा सडपातळ गडी. शेतात बसवलेल्या मेंढ्यांभोवती रात्र काढायला वेगळा स्वभाव लागतो.

हा स्वभाव येतो कुठून, ते मला डार्विनकडे सापडलं. 1833 साली आजच्या उरुग्वेत त्याने मैलोगणती माणूस नसलेले मेंढ्यांचे कळप पाहिले. राखणीला फक्त एक-दोन कुत्री. त्याने चौकशी केली. पिल्लू आईपासून लवकर तोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिचं दूध पाजायचं, मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करायचं. दुसरी कुत्री आणि घरातली पोरं यांच्याशी संबंध नाही. हाच कुत्रा रोज घरी मांसाचा तुकडा न्यायला येई तेव्हा चोरासारखा, शेपूट घालून. घरची कुत्री त्याच्या मागे लागत. कळपाशी पोचला रे पोचला की वळून असा भुंके, की तीच कुत्री पळ काढत! ‘बीगल’च्या प्रवासवर्णनातलं हे पान माझं अत्यंत लाडकं.

डार्विनने पाहिलेलं रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकी दांपत्याने दीडेकशे वर्षांनी तपासलं. युरोप-तुर्कस्तानातून राखणीच्या कुत्र्यांची पिल्लं आणून त्यांनी शेतकऱ्यांना दिली. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना आपलं मानतं. रक्ताचा वाटा आहेच. दबा, पाठलाग, झडप, चावा ही लांडग्याची साखळी राखणीच्या कुत्र्यात विस्कळीत असते. मेंढ्या वळवणाऱ्या कॉलीत ती पाठलागापर्यंत येऊन थांबते. ही निवड मेंढपाळांनीच केली, वंशावळीचा कागद न लिहिता. कोकरू फाडणारा कुत्रा वाड्यावर टिकत नाही, मग त्याची प्रजा कुठून वाढणार? आणि राखण म्हणजे झुंज नव्हे. बहुतेक वेळा मधे उभं राहून भुंकणं पुरतं. शिकारीचा डाव उधळला की लांडगा वाट बदलतो.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ, राजपालयम आणि चिप्पीपराई या जातींची नोंद केली आहे. धनगरी कुत्र्याचीही व्हावी, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण नोंदीने राखण येणार नाही. तेव्हा ‘अस्सल धनगरी’ म्हणून कुणी पिल्लू विकायला आलं, तर बापाचं नाव राहू द्या. पिल्लाने डोळे उघडले ते मेंढ्यांत की पिंजऱ्यात, एवढं विचारून घ्या.