पदवी माध्यमांची, कर्ज बापाच्या डोक्यावर!

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांची पाने महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. चकचकीत स्टुडिओ, कॅमेरा, हातात माइक घेतलेली हसरी मुलगी आणि खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे आश्वासन! फी मात्र जाहिरातीत नसते. ती प्रवेशाच्या खिडकीवर कळते. तिथेच शैक्षणिक कर्जाचा अर्जही मिळतो. पोरगी पत्रकार होणार या आनंदात वस्तीतला सफाई कामगार बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. त्याला हिशेब कोणी सांगत नाही. म्हणून तो येथे मांडत आहे.

समजा, खासगी संस्थेतील मास कम्युनिकेशनच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी चार लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर दहा टक्के आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. पण व्याज पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासून चढू लागते. दरवर्षी सारखी रक्कम उचलली, तर परतफेड सुरू होईपर्यंत एक लाख वीस हजार रुपये व्याज साचलेले असते. म्हणजे देणे झाले पाच लाख वीस हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,६०० रुपये. एकूण सव्वासात लाख. हप्ता जड म्हणून मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता ५,६०० वर येतो, पण बँकेला दहा लाख जातात!

आता कमाई पाहू. नव्या वार्ताहराला पंधरा हजार पगार मिळाला असे धरू. सात वर्षांचा हप्ता वजा जाता हातात उरले ६,४००. त्यात मुंबई-पुण्यात खोलीभाडे द्यायचे, खायचे, प्रवास करायचा आणि घरीही पाठवायचे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. पण त्या वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरत्या होत्या. वाहिन्या त्यात नव्हत्याच. वृत्तपत्रांनीही कंत्राटाची पळवाट शोधली.

पगार पुढे वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेल, पण कोणाचा? २००६ मध्ये दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली, तीत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालाने १२१ नेतृत्वपदे तपासली. १०६ उच्चवर्णीयांकडे होती, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. कर्ज सर्वांना सारखे, व्याज सर्वांना सारखे. वर जाण्याची शिडी मात्र सारखी नाही. हा फरक प्लेसमेंटच्या आकड्यात दिसत नाही.

आणखी एक किंमत आहे, ती पैशात मोजता येत नाही. पाच तारखेला हप्ता भरायचा असलेला तरुण संपादकाला 'ही बातमी का दाबता?' असे विचारू शकत नाही. गावातल्या अत्याचाराची बातमी लिहिण्यासाठी जो माध्यमात गेला, तो जाहिरातदारांच्या पुरवण्या लिहीत बसतो. कर्ज हा लेखणीला लावलेला लगाम आहे.

मग आपल्या मुलांनी माध्यमात जाऊच नये काय? जरूर जावे, पण स्वस्त आणि सरकारी दाराने. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट आहे, नागपूर व छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांचे विभाग आहेत. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. मात्र सरकारी म्हणून आंधळा विश्वास नको. याच संस्थेच्या दिल्लीतील विद्यार्थ्यांना डिसेंबर २०१९ मध्ये फीवाढीविरुद्ध धरणे धरावे लागले. रेडिओ-टीव्ही पत्रकारितेच्या पदविकेची फी तेव्हा १,६८,५०० रुपये होती!

अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पण खासगी विद्यापीठात वा व्यवस्थापन कोट्यात हे मिळेलच, असे गृहीत धरू नये. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना शिक्षणकाळातील व्याजाची सवलत आहे; ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे सहीपूर्वी बँकेकडून लेखी घ्यावे. संस्थेकडेही लेखी मागावे : मागील तीन वर्षांत किती मुले बाहेर पडली, किती कामाला लागली, कोणत्या पगारावर? जी संस्था हे देत नाही, तिची जाहिरात कचऱ्यात टाकावी.

बाबासाहेबांनीही शिक्षणासाठी कर्ज काढले होते. १९२० मध्ये लंडनला परत जाताना सिडनहॅममधील नोकरीतून साठवलेली पुंजी होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये होते. पण ते कशासाठी घेतो आहोत आणि त्यातून काय उभे करायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले, शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीवर. ज्या समाजाने असे पत्र उभे केले, त्याच्या लेकरांनी पत्रकार व्हायलाच हवे. पण बापाची सही होण्याआधी कागदावर बेरीज-वजाबाकी झाली पाहिजे. मूक समाजाचा आवाज व्हायला निघालेली पोर हप्त्याच्या भीतीने स्वतःच मुकी होऊ नये!