ज्या पेशींवाचून निभावतं
प्रतिकारशक्ती आणि कर्करोग : लेखांक ६

मागच्या लेखात जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांचं काम पाहिलं. टी-पेशींना आवर घालणारे रेणू औषधाने अडवले की त्या कर्करोगावर तुटून पडतात, या शोधासाठी दोघांना २०१८ सालचं नोबेल मिळालं. मात्र या औषधांची एक अट असते : रोगी पेशी परकी आहे हे टी-पेशींनी आधी ओळखलेलं हवं. लहान मुलांना होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे डॉक्टर ज्याला 'एएलएल' म्हणतात त्यात, ही अट सहसा पुरी होत नाही. या पेशींच्या जनुकांत बिघाड मोजकेच असतात. त्या जवळजवळ घरच्याच दिसतात आणि टी-पेशी त्यांच्या शेजारून निघून जातात.

टी-पेशीला ओळख बाहेरून देता येईल का, या प्रश्नावर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले झेलिग एशहार काम करत होते. टी-पेशी मारण्यात तरबेज खरी, पण समोरच्या पेशीने आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ठरावीक पद्धतीने पृष्ठभागावर मांडले तरच तिला काही कळतं. कर्करोगाच्या अनेक पेशी ही मांडणीच बंद करून टाकतात. अँटिबॉडीला तसलं काही लागत नाही. पृष्ठभागावर हवा तो रेणू दिसला की ती थेट चिकटते; मारण्याची ताकद मात्र तिच्यात बेताचीच. एशहार यांनी १९८९ मध्ये या दोघींचा जोड प्रसिद्ध केला. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधावी तसं हे कलम आहे : वर अँटिबॉडीचं टोक, खाली टी-पेशीला चेतवणारा भाग. ज्या टी-पेशीवर असा रेणू बसवला ती 'कार-टी' पेशी.

सुरुवातीच्या कार-टी पेशी शरीरात फार तगत नसत. नुसतं लक्ष्य दिसून टी-पेशीचं भागत नाही, टिकायला आणि वाढायला तिला दुसरा इशारा लागतो. न्यूयॉर्कमध्ये मिशेल सॅडलेन यांनी एक आणि मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डारिओ कंपाना यांनी दुसरा इशारा या रेणूला जोडला, आणि पेशी महिनोन् महिने टिकू लागल्या. २०१० मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने जुनाट ल्युकेमियाच्या तीन प्रौढ रुग्णांना त्या दिल्या. दोघांचा आजार पूर्ण ओसरला. शरीरात सोडलेल्या एकेका कार-टी पेशीमागे किमान हजार ल्युकेमिया-पेशी मेल्या, असा हिशेब त्या गटाने मांडला. दहा वर्षांनंतरही या दोघांच्या रक्तात त्या पेशी सापडत होत्या.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कार-टी पेशी चांगली आणि वाईट पेशी असा भेद करत नाही. तिला फक्त पृष्ठभागावरचा एक रेणू कळतो. ल्युकेमियासाठी निवडलेला रेणू म्हणजे सीडी१९. हा ल्युकेमिया उगवतो तो बी-पेशींतून, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या पांढऱ्या पेशींतून. सीडी१९ रोगी बी-पेशींवर असतो आणि निरोगी बी-पेशींवरही तितकाच असतो. म्हणजे उपचार यशस्वी झाला तर रुग्णाच्या चांगल्या बी-पेशीही जातात, एकूण एक. तरीही माणूस जगतो, कारण सीडी१९ अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर नसतो, हृदयावर किंवा फुप्फुसावर नसतो. जुन्या लशींमुळे तयार झालेल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या काही पेशींवरही तो नसतो, त्यामुळे काही जुनं संरक्षण शिल्लक राहतं. बाकीची उणीव इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार अँटिबॉडींची, सलाइन लावून भरून काढतात, काहींना ती वर्षानुवर्षं लावावी लागते. बी-पेशींवाचून निभावतं, म्हणून हा उपचार उभा आहे. बाकीच्या कर्करोगांत तो का अडतो, हेही यावरूनच उलगडतं.

त्याआधी प्रत्यक्षात काय करतात ते पाहू. रुग्णाच्या हाताच्या किंवा मानेच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त परत अंगात येतं. काही तासांचं हे काम. त्या पेशी प्रयोगशाळेत नेऊन चेतवतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर नवं जनुक लादून आत सोडतात आणि मग त्यांची संख्या वाढवतात. यात काही आठवडे जातात. दरम्यान रुग्णाला हलकी केमो देऊन जुन्या लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी, बी-पेशी वगैरे, कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना शरीरात जागा होते. शेवटी येते ती छोटीशी पिशवी. गोठवलेल्या पेशी टिकाव्यात म्हणून त्यात डायमिथाइल सल्फॉक्साइड असतं. पिशवी चढू लागली की रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो खोलीभर पसरतो. इतक्या आठवड्यांच्या खटपटीची ही पिशवी संपायला बहुधा अर्धा तासही लागत नाही.

खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन आठवड्यांत असते. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या. तिचा एएलएल दोनदा उलटला होता आणि दुसरा इलाज उरला नव्हता. एमिली म्हणजे हा उपचार मिळालेलं पहिलं मूल. काही दिवसांत तिला प्रचंड ताप चढला, रक्तदाब कोसळला, व्हेंटिलेटर लावावा लागला. टी-पेशी एकदम कामाला लागल्या की सायटोकाइन नावाचे रेणू रक्तात लोटतात, त्याचा हा परिणाम. तपासणीत इंटरल्युकिन-६ प्रमाणाबाहेर वाढलेलं दिसलं. कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता, म्हणून इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिल्यावर काही तासांत एमिलीचा ताप उतरू लागला. ती शुद्धीवर आली त्या दिवशी तिचा सातवा वाढदिवस होता. ती बरी झाली. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात टोसिलिझुमॅब हाताशी ठेवूनच पिशवी चढवतात. ती मुलगी तेव्हा दगावली असती तर या संशोधनाला मिळणारा पैसा आणि परवानग्या किती वर्षं मागे गेल्या असत्या, या विचाराने मला आजही धडकी भरते. अमेरिकेत या उपचाराला ३० ऑगस्ट २०१७ रोजी मान्यता मिळाली. किंमत ठरली ४,७५,००० डॉलर.

मग स्तन, आतडं, फुप्फुस यांच्या कर्करोगात हेच का नाही करत? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तसा प्रयत्न झाला होता. आतड्याचा कर्करोग यकृतात आणि फुप्फुसात पसरलेल्या एका रुग्णाला हर-२ या रेणूवर नेम धरलेल्या कार-टी पेशी दिल्या. १५ मिनिटांत श्वास लागला आणि पाचव्या दिवशी रुग्ण गेला. ही हकिगत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही हर-२ अगदी थोडा असतो, आणि त्या थोड्यालाही कार-टी पेशींनी सोडलं नसावं, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. फुप्फुसावाचून निभावत नाही. घट्ट गाठींच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. गाठीत शिरायलाच वाट नसते, आत प्राणवायू कमी, आणि टी-पेशींना थकवणारे रेणू भरपूर. पण पहिली अडचण लक्ष्याचीच आहे.

रक्ताच्याच दुसऱ्या कर्करोगांतही तीच गोष्ट. मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींवर जे रेणू सापडतात त्यांतले बरेचसे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींवरही असतात. ते लक्ष्य केलं तर अस्थिमज्जाच रिकामी होते. मल्टिपल मायलोमात मात्र रोगी असतात प्लाझ्मा पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी; त्यांच्यावाचून चालतं, म्हणून तिथे कार-टीला २०२१ पासून मान्यता आहे. टी-पेशींचाच ल्युकेमिया असला तर पेच दुहेरी होतो, कारण कार-टी पेशी एकमेकींनाच मारू लागतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात वसीम कासिम यांच्या गटाने २०२२ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीसाठी दात्याच्या टी-पेशी घेतल्या आणि जनुकातली अक्षरं बदलून त्यांच्यावरचा सीडी७ हा लक्ष्य-रेणूच पुसून टाकला. त्या पेशींनी तिच्या साऱ्या टी-पेशी साफ केल्या आणि मग डॉक्टरांनी लगेच नवी अस्थिमज्जा बसवली. टी-पेशींवाचून कायमचं निभावत नाही, पण काही आठवडे निभावता येतं, एवढ्या फटीतून त्यांनी वाट काढली. गेल्या काही वर्षांतलं याहून कल्पक काम माझ्या वाचनात नाही.

सीडी१९चा उपचारही अचूक नाही. काही रुग्णांत ल्युकेमिया हा रेणूच टाकून देतो आणि परततो. मग कार-टी पेशी शाबूत असूनही त्यांना काही दिसत नाही. म्हणून सीडी१९ आणि सीडी२२ अशा दोन रेणूंवर एकदम नेम धरण्याच्या चाचण्या चालू आहेत.

आता पवईकडे वळू. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा मेमोरियल सेंटरने मिळून देशी कार-टी घडवली. अमेरिकी उपचारात अँटिबॉडीचं टोक उंदराकडून आलेलं असतं. इथे ते मानवी प्रथिनाच्या जवळ जाईल असं बदललं. जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला त्या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत 'नेक्सकार१९'चं लोकार्पण झालं. ६४ रुग्णांच्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत छापून आले : ज्यांचं मूल्यमापन करता आलं त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांना गुण आला. हे सगळे रुग्ण आजार उलटलेले किंवा आधीच्या औषधांना दाद न देणारे होते, हे ध्यानात घेतलं तर आकडा मोठा आहे. काहींचा आजार पुढे परतला आणि उपचारामुळे दोन मृत्यूही झाले, हेही त्याच अहवालात आहे.

किंमत ३० ते ४० लाखांच्या घरात. अमेरिकेच्या मानाने दहावा हिस्सा, आणि ही कामगिरी नि:संशय मोठी. पण राज्याच्या जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे ५ लाख आहे. मधली रक्कम उभी करायला जमीन विकणारी घरं आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांमध्ये ज्या उपचाराचा जन्म झाला, त्याच्यासाठी सरकारने वेगळा निधी ठेवलाच पाहिजे. मान्यता सध्या १५ वर्षांवरील रुग्णांपुरती आहे, आणि एएलएल सर्वाधिक होतो तो त्याहून लहान मुलांना. त्यांच्यासाठीच्या चाचण्यांनाही तोच पैसा लागणार आहे.

घरात कुणाचा बी-पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा उलटला असेल तर एक विनंती. कार-टीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, पुढच्या केमोच्या फेऱ्या संपायची वाट पाहू नका. प्रत्येक फेरीत टी-पेशी दुबळ्या होतात, आणि त्याच तर या उपचाराचा कच्चा माल. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा. 'इम्युनोथेरपी' अशी पाटी लावून कुणी आगाऊ लाखो रुपये मागत असेल तर औषधाचं मान्यतापत्र बघायला मागा. चाचणी आहे असं सांगितलं तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा आणि तो तिच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. क्रमांक मिळत नसेल तर तिथून उठा.