त्र्यंबकात लहानसे घर घ्यावयाचे आहे? मग हे वाचा



आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारे कारकून. गेली वीस वर्षे दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद चाळणे हेच आमचे काम. त्यामुळे समाजातील कोणी निवृत्त झाले, फंडाची रक्कम हाती आली, की आम्हास हमखास विचारणा होते, "साहेब, त्र्यंबकला एखादी खोली घेऊन ठेवावी का? दुरुस्त करून भाड्याने देऊ, पुढे चार पैसे मिळतील." सिंहस्थाचे दिवस जवळ येतात तशी ही विचारणा वाढते. या सिंहस्थाच्या ध्वजारोहणाची तारीख 31 ऑक्टोबर 2026 ठरली आणि अमृतस्नानांच्या तारखा ऑगस्ट-सप्टेंबर 2027 च्या, तेव्हापासून तर दलालांच्या जिभेला हाडच उरले नाही. म्हणून हे चार शब्द.

दोन हजार वर्षांपूर्वीचे एक खरेदीखत

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना आपण सहलीने जातो, वंदना करतो आणि परततो. पुढच्या वेळी दहाव्या लेण्याच्या ओसरीत थोडे थांबावे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे शिलालेख तेथे आहेत. त्यात त्याने भिक्खुसंघाच्या भोजनासाठी एक शेत विकत घेतल्याची नोंद आहे. शेत कोणाकडून घेतले, तर वाराहीपुत्र अश्वीभूती या ब्राह्मणाकडून. किंमत किती, तर 4000 कार्षापण. शेत कोणाचे, तर विकणाऱ्याच्या वडिलांच्या मालकीचे. कोठे, तर नगराच्या वायव्य सीमेवर. विकणारा, त्याचा हक्क कोठून आला, मोबदला आणि ठिकाण, ही चारही कलमे दगडात कोरलेली आहेत!

त्याच लेण्यात दुसरी नोंद गुंतवणुकीची आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240 होते आणि वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा याप्रमाणे ते बरोबर पुरते. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही लेख सांगतो. म्हणजे हिशेब, जाहीर सूचना आणि नोंदणी या गोष्टी इंग्रजांनी आणलेल्या नव्हेत. आमच्या मामांना आम्ही वेळीच एवढे सांगितले असते, तर पुढची गोष्ट लिहावी लागली नसती.

आमची चूक

मामा कारखान्यातून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी त्र्यंबक रस्त्यालगत दोन खोल्या आणि पुढे थोडी मोकळी जागा पाहिली. भाव स्वस्त होता. विकणारा म्हणाला, "खरेदीखत सावकाश करू, आता नोटरी करून ताबा घ्या." शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर कागद झाला आणि साक्षीदार म्हणून त्यावर आम्ही सही केली. बँकेत रोज दुसऱ्यांना सातबारा आणा म्हणून परत पाठविणारे आम्ही, घरच्या माणसाला मात्र सातबारा मागितला नाही. मामांना वाईट वाटेल, ही भीड. पुढे खोल्या दुरुस्त झाल्या, फरशी बसली, भाडेकरूही आला. दोन वर्षांनी सातबारा काढला तेव्हा त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' हे शब्द दिसले. जमीन जुन्या वतनाची होती.

वतनाची जमीन आणि आदिवासींची जमीन

वतन हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. महार वतनाच्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन घरासाठी विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. परवानगीवाचून केलेली विक्री शर्तभंग ठरते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. ही शर्त आपल्याच लोकांच्या हातून जमीन कवडीमोलाने जाऊ नये म्हणून आहे. तेव्हा घेणारा आपला असो वा विकणारा, ती चुकविण्याच्या वाटा शोधू नयेत.

दुसरी बाब त्र्यंबकेश्वर तालुक्याला विशेष लागू पडते. येथे आदिवासी बांधवांची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. कोणी म्हणेल, नावावर त्याच्याच ठेवा आणि ताबा तुम्ही घ्या. असा व्यवहार कायद्याने टिकत नाही आणि न्यायानेही शोभत नाही. ज्यांच्या पूर्वजांची जमीन इतरांनी गिळली, त्यांनी दुसऱ्या वंचिताची जमीन आडमार्गाने घेऊ नये.

कोणते कागद पाहावेत?

1. सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका मिळते. त्यावरील सत्ताप्रकार आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचावा. बोजा तेथेच कळतो.

2. फेरफार. आजचे नाव कसे लागले हे फेरफारावरून कळते. गावातील जुन्या वाड्यांना वारस पुष्कळ असतात. मुलींचाही हक्क असतो, 2005 च्या दुरुस्तीनंतर तर तो मुलाइतकाच आहे. "बहिणी काही बोलणार नाहीत," या वाक्यावर पैसे देऊ नयेत. त्यांची सही घ्यावी.

3. तीस वर्षांचा शोध. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 वरून वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. थोडक्यात, उषवदाताची निगमसभा ती हीच.

4. बांधकाम परवानगी व मंजूर नकाशा. मोकळा भूखंड असेल तर बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन. सामाईक सातबाऱ्यावर एक-दोन गुंठ्यांसाठी नाव लावून देतो, असे कोणी म्हटले तर तेथूनच परत फिरावे.

5. घरपट्टीची पावती जरूर पाहावी, पण तो मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी नावावर होणे म्हणजे घर नावावर होणे नव्हे.

स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे नोंदलेलेच हवे. केवळ मुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबा यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 1 एप्रिल 2021 पासून मिळू लागली. घरातील भगिनींचे नाव कागदावर येण्यास हे एक निमित्त समजावे.

दुरुस्तीपूर्वी

त्र्यंबकचा पाऊस नाशिकच्या पावसासारखा नव्हे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून घर चैत्रात पाहिले तरी सौदा आषाढात पुन्हा पाहून करावा. ताज्या रंगाने ओल झाकली जाते, पण पावसाळ्यात ती भिंतीच्या खालच्या दोन हातांत हटकून दिसते. जुन्या घरात तुळयांची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे टोचून पाहावे, वाळवी बहुधा तेथेच असते. खर्चाचा क्रमही ठरलेला असावा. आधी छप्पर, कौले वा पत्रे आणि पन्हळ. मग भिंतीलगतच्या पाण्याचा निचरा. मग वीज, संडास-न्हाणी आणि शेवटी फरशी व रंग. लोक हाच क्रम उलटा करतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंग पोपडे होऊन पडतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. चुन्याला चुनाच बरा.

त्र्यंबकेश्वर मंदिर हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीसही परवानगी लागते. पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. "वर एक मजला चढवा आणि यात्रेकरूंना खोल्या द्या," हा सल्ला देणारा दलाल ही गोष्ट सांगत नाही. नदीकाठच्या घराची पूररेषाही नगरपरिषदेत विचारून घ्यावी.

आता हिशेब

समजा, घर 15 लाखांचे. शुल्क, नोंदणी, वकील व दलाली मिळून 1 लाख. दुरुस्ती दीड लाख. एकूण साडेसतरा लाख. पैकी 10 लाख कर्ज, 9 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी. हप्ता सुमारे 10,143 रुपये, म्हणजे वर्षाला 1,21,716.

भाडे महिना 6,000 धरू. वर्षात एक महिना खोली रिकामी जाते असे गृहीत धरून 66,000 आले. घरपट्टी, पाणीपट्टी व किरकोळ डागडुजी 10,000 वजा जाता 56,000 उरले. म्हणजे दरसाल 65,716 रुपये, महिन्याला सुमारे साडेपाच हजार, खिशातून भरावे लागणार. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांपैकी सुमारे 88,000 रुपये तर व्याजातच जातात. भाड्याने व्याजही फिटत नाही! एकूण गुंतवणुकीवर उत्पन्न वर्षाला 3.2 टक्के पडते. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. घराचा फायदा भाव वाढला तरच, आणि तोही विकल्यावर. विकताना 24 महिन्यांहून अधिक काळ घर ठेवले असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो. त्यावरील कर मोजताना दुरुस्तीचा खर्च दाखविता यावा म्हणून बिले जपून ठेवावीत.

याचा अर्थ घर घेऊच नये असे नाही. हप्ता पगारातून निघत असेल तर घ्यावे. निवृत्तीची सारी पुंजी मात्र घालू नये. मिळकतीचा एक चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखावा, ही सिगालोवाद सुत्तातील शिकवण बँकेच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा सोपी आहे. आणि सिंहस्थाच्या भाड्यावर हिशेब बसवू नये. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला.

भाड्याने देताना

त्र्यंबकात वर्षभराचा भाडेकरू म्हणजे शिक्षक, कचेरीतील कर्मचारी, हॉटेलात काम करणारी मुले. त्यांना पाणी, स्वतंत्र संडास आणि बसथांब्याजवळची जागा हवी असते. झुंबर नको असते. करार लेखी आणि नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे आणि करार नसेल तर भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. दिवसाच्या भाड्याने यात्रेकरू ठेवणे हा वेगळा धंदा होय, त्याचे परवाने वेगळे.

आणखी एक सांगावयाचे. नोकरीच्या पहिल्या बदलीच्या गावी आम्ही खोली शोधत होतो. दोन ठिकाणी भाडे ठरले, आडनाव सांगितल्यावर खोली "पाहुण्यांना द्यायची आहे" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या घरच्या आजींनी विचारले फक्त एवढेच, "पाणी पहाटे पाचला येतं, उठशील ना बाबा?" आज आपल्यापैकी काही जण मालक होत आहेत. भाडेकरूला नोकरी विचारा, ओळखपत्र मागा, करार करा. आडनावावरून खोली नाकारू नका.

मामांच्या त्या दोन खोल्यांसाठी परवानगीचा अर्ज केला आहे. नजराण्याची रक्कम भरावी लागली तर स्वस्तातले घर महागात पडेल. मामा आम्हास बोल लावत नाहीत, हेच अधिक लागते. त्या कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही अजून आहे. आता कोणी घराचे विचारावयास आले, तर चहाच्या आधी आम्ही सातबारा मागतो. कोणी रागावले तरी चालेल.