उपकार कुणाचे, फेड कुणाकडे?

हंगामाचा सण आला की नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट हमखास ऐकू येते. दहा बरे झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी. मग उरलेले नऊ उपदेशकाच्या तावडीत सापडले की त्यांची धडगत नसते. कृतघ्न, विसरभोळे, थेट आजच्या तरुण पिढीसारखे! एक बाब मात्र या प्रवचनांतून कायम निसटते. याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवा, असे त्या दहांना सांगितले होते आणि नऊ जण तिकडेच निघाले होते. ते परतले नाहीत म्हणून त्यांचा रोग पुन्हा उलटला, असेही लूकने कुठे लिहिलेले नाही. नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले, त्या विचारण्यात खंतही आहे. पण दिलेले त्याने काढून घेतले नाही. नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास मी नेहमी याच बाजूने वाचत आलो आहे. उपकार फेडण्यासाठी आमची मंडळी जेव्हा जेव्हा वर पाहत बसली, तेव्हा ती खुजी झाली. शेजारच्या घराकडे पाहून तिने ते फेडले, तेव्हा तिच्यातला दयाळूपणा वाढला.

1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले, 1833 मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले, हे सारे वाचकांना पाठ आहे. त्यावर जयंत्या-शताब्द्यांच्या स्मरणिका पुष्कळ निघाल्या. त्यांतली बहुतेक पाने साहेबांच्या छायाचित्रांनी भरलेली असतात, म्हणून त्यांत मी थांबत नाही. मात्र या स्मरणिकांनी एक समजूत पक्की करून ठेवली आहे. दया समुद्रापलीकडून आली आणि आपल्या वाट्याला फक्त कृतज्ञता आली, अशी ती समजूत. गंमत अशी की मिशनवर आमिषाचा आरोप करणारे पलीकडचे टीकाकारही नेमके हेच गृहीत धरून चालतात. एक गट म्हणतो, साहेबांनी दिले म्हणून आपण आहोत. दुसरा म्हणतो, साहेबांनी दिले म्हणूनच तुम्ही गेलात. देणारा बाहेरचा आणि घेणारा हात पसरलेला, याबद्दल दोघांत अजिबात मतभेद नाही. मला दोघेही अमान्य आहेत, आणि त्याची कारणे या जिल्ह्याच्या मातीतच आहेत.

नेवासे, राहुरी, शेवगाव या पट्ट्यात ज्यांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला ते बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. त्यांना आभाराची सवय मिशनने लावली नाही. ती गावगाड्याने पिढ्यानपिढ्या लावलेली होती. वेसकरकी करायची, सांगावा पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबदल्यात मिळणारे बलुते हक्काचे असूनही उपकार म्हणून घ्यायचे. जोहार मायबाप म्हटल्याशिवाय भाकरी हाती पडत नसे. बाप्तिस्म्यानंतर कुणी गावकीची कामे नाकारली की खळ्यावरचा वाटा बंद व्हायचा. अशा वेळी त्या घराची चूल कोण पेटवणार? मिशनचा बंगला दहा-वीस मैलांवर, आणि साहेबाचा घोडा महिन्यातून एखादवेळी येणार. भाकरी यायची ती शेजारच्या, तितक्याच कोरड्या घरातून. या शेजारधर्माला कुणी दान म्हटले नाही आणि त्याचा अहवाल बोस्टनला गेला नाही. म्हणून आमच्या इतिहासकारांना तो दिसत नाही. अमेरिकेला पाठवलेल्या अहवालांवरून लिहिलेल्या इतिहासात अमेरिकनच दाते निघणार, यात नवल काय?

उपकार आडवा फेडण्याचा सर्वात ठळक दाखला तर मंडळीच्या बाहेरचा आहे. सिंथिया फेरार 1827 मध्ये मुंबईला आल्या, 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशीही फेरारबाईंचे नाव जोडलेले आहे. जोतीरावांनी त्या शाळेचे आभार कसे मानले? ते ख्रिस्ती झाले नाहीत, नगरला पाटी लावायलाही आले नाहीत. जे पाहिले ते पुण्याच्या मुलींना दिले. फेरारबाईंना यापेक्षा मोठी पोच कुठली मिळायला हवी होती? खुद्द मिशनच्या वरिष्ठांनाही हे थोडेबहुत उमगले होते. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन 1854-55 मध्ये पाहणीसाठी हिंदुस्थानात आले ते स्वावलंबी, स्वयंशासित आणि स्वतः प्रसार करणाऱ्या मंडळीचा आग्रह धरून. त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आता अँडरसनसाहेबांच्या आग्रहात काटकसरीचा भाग होता हे खरे, इंग्रजी शाळांवर त्यांनी चालवलेली कात्री आजही खटकते. पण मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, हे तत्त्व चुकीचे नव्हते.

दुष्काळाचा आक्षेप इथेच निकालात काढू. 1876-77 आणि 1899-1900 या दोन्ही दुष्काळांनंतर बाप्तिस्म्यांची संख्या फुगली, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1900 मध्ये अमेरिकेतून मक्याने भरलेले ‘क्वीटो’ जहाज आले, नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांनी मदतीच्या वाटपात मोठा वाटा उचलला आणि सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. मग लोक पोटासाठी आले का? काही आलेच असतील. भूक ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, लाज उपाशी ठेवणाऱ्याला वाटावी. पण पोटाचा व्यवहार पोट भरल्यावर संपतो. पाऊस पडला, मका संपला, काही घरे परतही गेली. तरी गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या ठेवायला धान्य लागले ते बाजरीचे होते, मक्याचे नव्हते.

नारायण वामन टिळकांना हे सर्वात आधी आणि सर्वात तीव्रतेने कळले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला आलेला हा कवी मिशनच्या आश्रयाखाली राहिला, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्याने केले, आणि मिशनरी मित्रांवर त्याचे मनापासून प्रेम होते. तरी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्याने साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. याला आमच्यातले काही वडीलधारे अजूनही कृतघ्नपणा समजतात. मला ते कृतज्ञतेचे सर्वात प्रौढ रूप वाटते. ज्याने आपल्याला उभे केले त्याच्या हाताला धरूनच कायम चालायचे, असा कुठल्याही शहाण्या उपकारकर्त्याचा हेतू नसतो. आणि टिळकांच्या घरातला व्यवहार पाहा. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा पोरसवदा कवी, आपले बालकवी, टिळकांनी घरी आणला. मुलगा हिंदू होता आणि हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. त्याच लक्ष्मीबाई, ज्यांना नवऱ्याच्या धर्मांतरानंतर सोवळ्याओवळ्याची सीमा ओलांडायला वर्षे लागली, पुढे प्लेगच्या छावणीत जातपात न विचारता आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे दयेचे पुस्तक म्हणून वाचले जात नाही. विनोदाचे, संसाराचे पुस्तक म्हणून वाचले जाते. त्यात लक्ष्मीबाई आपल्या दयाळूपणाची जाहिरात करत नाहीत, हेच त्याचे कारण असावे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, आणि संपादकांनी इथे कात्री लावू नये. खेड्यातल्या मंडळीचा हंगामाचा सण आणि बायकांनी राखलेली मूठ, या दोन रीतींत आमचे सगळे धर्मशास्त्र आहे, असे मी अनेकदा लिहिले आणि विद्वानांनी अनेकदा त्यावर स्मित केले. रीत साधी. भाकरीचे पीठ परातीत घेण्याआधी किंवा तांदूळ वैरण्याआधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. डबा भरला की रविवारी उपासनेला न्यायचा. ते धान्य पाळकाच्या घरी जाते, आजारी विधवेकडे जाते, कधी विकून दिव्याच्या तेलाला पैसे होतात. मिझोराममधल्या मंडळ्यांनी 1910 पासून हीच रीत चालवून केवढे काम उभे केले, ते जगाला ठाऊक आहे. महाराष्ट्रातही भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडावर वसतिगृहे चालवली. मुठीचे वैशिष्ट्य असे की ती कुणाची हे डब्यात पडल्यावर कळत नाही. पाटलिणीची मूठ आणि रोजंदारीवर जाणारीची मूठ एकच. घेणाराही कुणा एका घराचा मिंधा होत नाही.

हंगामाच्या सणात याच्या उलट सगळे उघड्यावर असते, तरी परिणाम तोच. बाजरीची कणसे, ज्वारीची पायली, भोपळे, लिंबे, नारळ, कोंबडी, पाच-सहा अंडी, ज्याच्या घरी जे पिकले ते वेदीपुढे येते. उपासनेनंतर लिलाव होतो. त्या लिलावाला बाजाराचा कुठलाही नियम लागू नाही. एक लिंबू दुपारपर्यंत पोत्याच्या भावाला जाते, कारण घेणारा ते पुन्हा अर्पण करतो, दुसरा पुन्हा बोली लावतो. ज्या म्हातारीने ते आणले तिच्या लिंबाची किंमत तिच्या ऐपतीवर ठरत नाही, मंडळीच्या आनंदावर ठरते. गावगाड्याने ज्यांना फक्त खळ्यावरून उचलायला शिकवले, त्यांना हा सण खळ्यावर आणून ठेवायला शिकवतो. लेवीयाच्या पुस्तकात शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबासाठी राहू द्या, असा नियम आहे. रूथने बवाजाच्या शेतात तोच सरवा वेचला. त्यात आभारप्रदर्शन नाही. मालकाने न पाहता सोडायचे, गरजूने न लाजता वेचायचे.

यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे, आणि तो शिकल्यासवरल्या तरुणांकडून येतो. दयाळूपणाचे हे गोडवे गाऊन तुम्ही न्यायाचा प्रश्न टाळता, असे ते म्हणतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे त्या शीख आणि बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलिताला अजून नाहीत; मुठीतल्या धान्याने ही भरपाई होत नाही. शिवाय सोयरीक ठरवताना मंडळीतही जुनी जात आठवतेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी ज्या दयाळूपणाची बाजू घेतो तो न्यायाच्या आड येणारा नाही. न्यायाच्या आड येते ती वरून खाली वाहणारी दया, कारण तिला घेणारा खालीच राहायला हवा असतो. ज्याला देण्याची सवय लागली त्याला हक्क मागताना संकोच वाटत नाही. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज उभे केले ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. ती दया होती की न्याय, हे वेगळे काढता येईल का?

कॅथलिक बंधूंचा प्रवाह वेगळा आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणारी गर्दी, त्यातले बिगरख्रिस्ती नवसकरी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला नवसाच्या कृतज्ञतेविषयी शंका आहेत आणि त्या इथे मांडत नाही. मात्र फादर हर्मन बाकर यांचे नाव घ्यायलाच हवे. या स्विस जेसुइटाने नगरच्या दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम रुजवले, 1993 मध्ये वॉटर ही संस्था त्यातून उभी राहिली. गावाकडून मागणी होती ती श्रमदानाची, चराईबंदीची, कुऱ्हाडबंदीची. आभार मागितले नव्हते.

आज काय दिसते? डब्याची जागा नाव लिहिलेल्या पाकिटाने घेतली. कुणाचे पाकीट किती जड, हे पंचांना ठाऊक असते. लिलावात लिंबू अजून चढते, पण बोली लावणाऱ्याचे नाव लाउडस्पीकरवरून तीनदा पुकारले जाते आणि निवडणुकीच्या वर्षी ते नाव मंडळीतलेही नसते. उपकारस्तुतीच्या उपासनेत शाल-श्रीफळ शिरले. भिंतींवर संगमरवरी पाट्या वाढल्या; पंखा कुणाच्या स्मरणार्थ, बाकडे कुणाच्या. जुन्या जागा-मालमत्तांचे वाद धर्मादाय आयुक्तांपासून न्यायालयापर्यंत चालू आहेत, आणि दोन्ही पक्ष आपण मिशनच्या वारशाशी कृतज्ञ असल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगतात. नव्या फेलोशिपांतल्या साक्षी ऐकाव्यात तर नोकरी, व्हिसा, प्लॉट अशी मिळालेल्या आशीर्वादांची यादी असते. त्यातले शेजाऱ्याला काय गेले, हे कुणी विचारत नाही. तरुण पुण्या-मुंबईला गेले म्हणून हे झाले, असे सांगितले जाते. ते पटत नाही. पुण्यातही मूठ राखता येते. पिठाची पिशवी आली म्हणून हात लहान झाला नाही.

उपाय म्हणून मी पंचकमिट्यांपुढे एक किरकोळ सूचना बऱ्याचदा ठेवली आहे. वार्षिक हिशेबात देणगीदारांची यादी छापू नये आणि तिच्या जागी एकच रकाना घालावा: या वर्षी मंडळीच्या बाहेर किती गेले. नावे छापली नाहीत तर देणग्या आटतील, असे मला दरवेळी सांगण्यात येते. आटतील कदाचित. पण ज्या मंडळ्यांनी पहिला पाळक बाजरीवर पोसला, त्यांच्या वहीत कुणाचेही नाव नव्हते.