पानं खाल्लेल्या सागाला युरिया कधी द्यावा?



मृगाचा पाऊस पडतो, धुऱ्यावरचा साग पालवतो, आणि एके दिवशी सकाळी पाहावं तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या! चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे नवीन नाही. अशा वेळी धानासाठी आणलेल्या युरियातला मूठभर रोपाला टाकावा, असं वाटतं. पण जरा थांबा.

युरियात 46 टक्के नत्र असते. ते पान वाढवते, हिरवे करते. पण ते काही तयार अन्न नव्हे. अन्न तयार होते पानातच. पानंच नसतील, तर रोप नत्र फारसे वापरू शकत नाही. युरिया पावसात वाहून जातो, आणि बुडाशी ढीग पडला तर मुळं करपतात.

मग खाल्लेलं रोप पुन्हा फुटतं कशावर? सागजडी आठवा. बोटाएवढी जाड, वीतभर मूळ, पान एकही नाही. तरी लावली की फुटते. मुळात साठवलेल्या अन्नाची ही करामत. पानं एकदा गेली तर रोप मागे पडते, पण सावरते. पुन्हा पुन्हा गेली तर साठा संपतो, मूळ खोल जात नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळते.

जून-जुलैत कोवळी पानं खाणारी अळी येते. ती जाड शिरा तेवढ्या ठेवते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी अळी येते. ती पानाची जाळी करते. थंडी सरताना पानं गळतात, तो मात्र सागाचा स्वभावच आहे. त्याला औषध नको, खतही नको.

काय करावे?

1. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर रोप जिवंत आहे, उपटू नका.

2. रोपं थोडी असतील तर अळ्या वेचून मारा. नव्या फुटीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

3. बुडाभोवतीचं गवत काढा. नाहीतर खत आधी गवतच खाईल.

4. नवी पानं तळहाताएवढी झाली की लावलेल्या रोपाला 10 ग्रॅम युरिया द्या. तो बुंध्यापासून वीतभर दूर, ओल असताना, गोल पसरून मातीआड करा. पिशवीतल्या रोपांना 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम विरघळवून झारीने द्या आणि लगेच साध्या पाण्याने पानं धुवा.

5. ऑगस्टनंतर युरिया बंद. उशिरा दिला तर शेंडा लुसलुशीत वाढतो, अळीला आवडतो आणि मूळ मागे राहते. आपल्याकडचा मे महिना शेंड्याच्या नव्हे, मुळाच्या जोरावर निघतो.

लक्षात ठेवा: आधी अळी आवरा, मग पान येऊ द्या, मगच युरिया.